जुन्या आउटबोर्डच्या गिअरकेसमधून ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं इंजिन, आणि गिअरकेस म्हणजे त्याच्या तळाची, पंखा फिरवणाऱ्या गिअरची पेटी. तिचं ऑइल गळायला लागलं की बहुतेक जण थेट सीलचा (शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) संच मागवतात आणि सगळं खोलून बसतात. नवी सीलं बसतात, ऑइल भरलं जातं आणि दोन-तीन फेऱ्यांत पाणी शिरून ऑइल पुन्हा दुधाळ होतं. गळती असते शिफ्ट रॉडच्या (गिअर बदलणाऱ्या दांडीच्या) ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कडीतून, आणि बदललेलं असतं पंख्यामागचं सील. सील बदलायचं काम हात बसला की फारसं अवघड नाही. कुठलं बदलायचं हे ठरवणं अवघड. म्हणून पुढे शोधण्यावर जास्त लिहिलंय, ठोकाठोकीवर कमी.

काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगच्या वायरी काढून बाजूला ठेवा. गिअरमध्ये असलेल्या इंजिनाचा पंखा हाताने फिरवताना इंजिनाने एखादा ठोका घेतला तर बोटं जातात. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही मिळवा. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत; मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

गळतंय ते गिअर ऑइलच आहे का?

बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळ भागातून, पाण्याखाली बाहेर पडतो. त्या धुराबरोबर पेट्रोलमध्ये मिसळलेलं, न जळलेलं टू-टी ऑइलही येतं. इंजिन उभं करून ठेवलं की हा काळा ओघळ पंख्यापाशी जमतो आणि खाली थेंब पडतात. त्यावरून माणसं गिअरकेस खोलतात आणि आत सगळं ठणठणीत सापडतं.

ओळखायला सोपं आहे. थेंब दोन बोटांत चोळा. गिअर ऑइल जाड, चिकट असतं, बोटं लांब केली की तार धरतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. धुराबरोबरचं ऑइल पातळ, काळंकुट्ट असतं आणि त्याला जळक्या पेट्रोलचा वास येतो. तरी खात्री नसेल तर गिअरकेस बाहेरून साबणाने स्वच्छ धुऊन पुसा, इंजिन उभंच ठेवून खाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. डाग कुठे पडतो यावरून निम्मा शोध लागतो: पंख्याच्या बरोबर खाली, खालच्या स्क्रूखाली की वरून ओघळून आलेला.

जुनं ऑइल काढताना बघायच्या गोष्टी

इंजिन सरळ उभं करा. खाली भांडं ठेवून आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. वरचा काढेपर्यंत ऑइल थेंबथेंब येईल, आणि तेच आपल्याला हवं आहे. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. इंजिन रात्रभर उभं असेल तर पहिले थेंब निव्वळ पाण्याचे येतील.

एक इशारा जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूडवाल्यांसाठी. या इंजिनांच्या काही मॉडेलमध्ये खालच्या स्क्रूच्या जवळच आणखी एक, फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही. आतला गिअर बदलणारा लिव्हर त्याच्या टोकावर टेकलेला असतो. तो काढला की आतली जोडणी निसटते आणि पाच मिनिटांच्या कामासाठी पूर्ण गिअरकेस खोलावी लागते. ऑइलचे स्क्रू सहसा मोठे आणि सरळ खाचेचे असतात. शंका असेल तर मॅन्युअलमधलं चित्र बघा, मगच हात लावा.

आता भांड्यातलं ऑइल नीट बघा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. पण इंजिन नुकतंच चालवलं असेल तर हवेच्या बारीक बुडबुड्यांनीही ऑइल फिकट, फेसाळ दिसतं. काचेच्या बाटलीत भरून एक दिवस ठेवा. हवा असेल तर ऑइल पुन्हा पारदर्शक होतं. पाणी असेल तर ते फिकटच राहतं किंवा तळाशी थर धरतं.

खालच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लगदा दिसेल. तो चालतो, गिअर झिजतातच. नखाला टोचतील असे तुकडे, चपट्या किंवा टोकदार चकत्या दिसल्या तर दात किंवा बेअरिंग गेलंय. मग नुसती सीलं बदलून उपयोग नाही. काढलेलं ऑइल मोजून लिहून ठेवा, म्हणजे मॅन्युअलमधल्या क्षमतेपेक्षा किती कमी झालंय ते कळेल. ते पाण्यात किंवा जमिनीवर ओतू नका. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

ऑइल बाहेर नाही, पण पाणी आत: हे कसं?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. बाहेर ऑइलचा थेंब नाही, पाण्यावर तवंग नाही, तरी ऑइल दुधाळ. चालताना गिअरकेस तापते, आतली हवा आणि ऑइल फुगतं, आत थोडा दाब तयार होतो. इंजिन बंद केलं की सगळं थंड पाण्यात उभं असतं. हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. बाहेरचं पाणी त्या ओढीने सीलच्या फटीतून आत येतं.

म्हणूनच बहुतेक जागी दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. आतल्या सीलचा ओठ (शाफ्टवर घासणारी रबरी कड) ऑइलकडे, बाहेरच्याचा पाण्याकडे. बाहेरचं सील गेलं आणि आतलं शाबूत असेल तर पाणी आतल्या सीलच्या पाठीवर येऊन थांबतं. त्या दिशेने अडवायला ते बनलेलंच नसतं, त्यामुळे थोडी ओढ लागली की पाणी आत. पुढची चाचणी दोन्ही बाजूंनी का करायची, ते यावरून लक्षात येईल.

दाबाची चाचणी

एवढी एक चाचणी केली तर बाकीचं काम निम्म्यावर येतं. तयार पंप मिळतो, पण घरीही जमतं. वरच्या स्क्रूच्या आट्यांचा एक जुना स्क्रू घ्या, मधून आरपार भोक पाडा आणि त्याला नळीची निपल बसवा. आटे मात्र बरोबर जुळले पाहिजेत. जुन्या अमेरिकन इंजिनांना सहसा इंची आटे असतात, जपानींना मेट्रिक. चुकीचा स्क्रू जोर लावून आवळलात तर ॲल्युमिनियमचे आटे जातील आणि एक नवीन गळती पदरात पडेल.

पंपासाठी दाबमापक असलेला सायकलचा हातपंप चालतो. सुरुवातीच्या कमी दाबासाठी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी उत्तम. तिच्यावरचे ३०० मिलिमीटर पारा म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप). टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट जोडू नका. चांगली सीलंही जागेवरून उडतील.

ऑइल पूर्ण काढलेलं असू द्या, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह आवळा, वरच्या भोकात आपली निपल बसवा. गिअरकेस सावलीत ठेवा. उन्हात हवा तापून काटा आपोआप वर चढतो आणि गळती झाकली जाते.

पहिल्यांदा फक्त ३ ते ५ पीएसआय भरा आणि पाच मिनिटं थांबा. इथे घाई नको. सीलचा ओठ असा बनवलेला असतो की दाब वाढला की तो शाफ्टवर आणखी घट्ट बसतो. झिजलेलं सील कमी दाबाला गळतं आणि जास्त दाबाला धरून ठेवतं. थेट १२ पीएसआय भरणारा माणूस अशा गिअरकेसला पास करून टाकतो.

काटा टिकला तर १० ते १२ पीएसआयपर्यंत जा. आता इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून पंख्याचा शाफ्ट हळूहळू फिरवा आणि वर-खाली, पुढे-मागे ढकला. शिफ्ट रॉड हलवा, गिअर टाकून काढा. स्थिर असताना न गळणारी जागा हलवल्यावर गळते. ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनातून खाली गिअरकेसमध्ये येणारा उभा दांडा) फिरवायचा तर इंजिनाच्या चालण्याच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची पाती उलटी दुमडतात.

काटा खाली येत असेल तर साबणाचं दाट पाणी ब्रशने एकेका जागी लावा: दोन्ही स्क्रू, पंख्याच्या शाफ्टभोवती, बेअरिंग कॅरिअरची (पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग धरणाऱ्या घराची) कड, गिअरकेसचे सांधे, गिअरकेसच्या तळाच्या सपाट पात्याच्या मुळाशी. आपल्या निपलचा सांधा आणि नळीही विसरू नका. बऱ्याचदा गळती तिथेच निघते. लोअर युनिट (गिअरकेससह इंजिनाचा खालचा भाग) काढलेलं असेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे ते पाण्याच्या टबात बुडवणं. साबणाने न दिसणारा बारीक बुडबुडाही पाण्यात दिसतो.

दाब टिकला म्हणून लगेच सुटलो म्हणू नका. हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप मिळाला तर उलटी चाचणी करा: आधी ३ ते ५ इंच पारा (व्हॅक्यूमच्या मापकावरचं माप), मग १५ इंचांपर्यंत. यात बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून संशयित जागेवर जाड ऑइल लावायचं. ऑइल लावल्याबरोबर काटा स्थिरावला किंवा ऑइल आत ओढलं गेलं, तर गळती तिथेच.

स्वस्तापासून सुरुवात

स्क्रूखालचे वॉशर दरवेळी नवे घाला. फायबरचे असोत की नायलॉनचे, एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत. जुना वॉशर भोकाच्या तोंडाशी चिकटून राहतो, त्यावर दुसरा बसतो आणि दोन वॉशरमधून ऑइल पाझरतं. भोकाची कड बोटाने चाचपा. वॉशर ज्या जागी बसतो ती कड खडबडीत असेल तर बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. आवळताना दम धरा: साधारण ७ ते ९ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या हँडलने मनगटाचा जोर. यानेच गळती थांबली तर पुढचं वाचायची गरज नाही.

पंख्यामागचं सील

सगळ्यात जास्त बळी इथे जातात, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार असतो मासेमारीचा तंगूस. पाण्यातला तुटका दोरा पंख्यात गुंडाळला जातो, पंखा आणि सील यांच्या मधल्या जागेत सरकतो, तिथे तापून वितळतो आणि सीलचा ओठ कापतो. पिन काढा, नट सोडा, पंखा आणि त्याच्या पुढचा थ्रस्ट वॉशर काढा आणि दोरा दिसेपर्यंत कोपरे खरवडा. पंखा दर काही आठवड्यांनी काढून बघणाऱ्यांची सीलं वर्षानुवर्षं टिकतात.

सील बेअरिंग कॅरिअरमध्ये बसलेलं असतं. कॅरिअर दोन प्रकारे धरलेलं असतं: आत खोल दोन बोल्ट, किंवा मोठा गोल नट आणि त्याला अडवणारी वाकवलेली जीभ असलेला वॉशर. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनात हे कॅरिअर पांढऱ्या खाराने अक्षरशः जाम होतं. आधी आत शिरणारं गंज सोडवणारं तेल फवारून एक रात्र द्या. मग बाहेरच्या गिअरकेसला हीट गनने सगळीकडून सारखं तापवा आणि पुलरने सरळ ओढा. आजूबाजूला पेट्रोल किंवा ऑइलचे बोळे नकोत. कॅरिअरच्या कानांवर हातोडी मारू नका. ते तुटतात आणि जुन्या मॉडेलचं कॅरिअर मिळणं म्हणजे दिव्य.

कॅरिअरबरोबर रिव्हर्स गिअर आणि पातळ शिम चकत्या बाहेर येऊ शकतात. जसं निघेल तसं कापडावर ओळीने मांडा आणि फोटो काढा. एक शिम जरी इकडची तिकडे झाली तरी गिअरमधला खेळ बदलतो.

जुनं सील काढण्याआधीही फोटो काढा: ओठ कोणत्या दिशेला आहेत, कडेपासून किती आत बसलंय. स्प्रिंग दिसणारी बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे, हा साधा नियम. पण काही मॉडेलमध्ये दोन्ही सीलं एकाच दिशेला असतात, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं खरं. सीलवर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. कंपनीचा सुटा भाग मिळत नसेल तर या मापांवरून बेअरिंगच्या दुकानात जोडीचं सील मिळतं. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस स्प्रिंगचं मागा. साधी पोलादी स्प्रिंग गंजते.

आता खरी मेख: शाफ्ट. सील जिथे घासतं तिथे कापडाने पुसून नख फिरवा. नख अडकत असेल तर तिथे खाच पडलीय आणि नवं सीलही काही दिवसांतच गळणार. हलका डाग असेल तर ६०० नंबरच्या पाणी-पेपरची पट्टी शाफ्टभोवती गोल फिरवून पॉलिश करा. लांबीच्या दिशेने कधीच घासू नका. त्या रेघांतून ऑइलला रस्ता मिळतो. खाच नखाला लागत असेल तर दोन मार्ग. जागा असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ अस्पर्श पृष्ठभागावर येतो. नाहीतर शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवायची. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह जेमतेम ०.२८ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही.

शाफ्ट हाताने हलवून खेळ जाणवत असेल, किंवा फिरवताना त्याचं टोक लडबडत असेल, तर बेअरिंग झिजलंय किंवा शाफ्ट वाकलाय. ते दुरुस्त झाल्याशिवाय सीलवर पैसे घालू नका.

बसवताना सीलची जागा खार-गंजापासून पूर्ण साफ करा. बाहेरच्या धातूच्या कडेला मॅन्युअलमध्ये सांगितलेला सीलंट पातळ लावा, ओठाला नाही. दोन सीलच्या मधली पोकळी पाण्यात टिकणाऱ्या ग्रीसने भरा. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट ठेवून सरळ दाबा. तिरकं गेलं तर काढून नवं घ्या. शाफ्टच्या दातेरी भागावरून सील सरकवताना त्यावर टेपचा एक वळसा द्या, नाहीतर दाते ओठ चिरतात. कॅरिअरच्या ओ-रिंगा जुन्या वापरू नका. वर्षानुवर्षं दबून त्या चपट्या होतात, हातात घेतल्या की लगेच कळतं.

ड्राइव्ह शाफ्ट आणि शिफ्ट रॉड

चाचणीत गळती वरून दिसली तर लोअर युनिट खाली उतरवावं लागेल. बोल्ट मोजा, एखादा ट्रिम टॅबच्या (सुकाणूचा ओढा सावरणाऱ्या छोट्या पात्याच्या) पोटात लपलेला असतो. टॅब काढण्याआधी त्याच्या कोनाची खूण करा, नाहीतर नंतर सुकाणू एका बाजूला ओढेल. शिफ्टची जोडणी सोडा, मग युनिट सरळ खाली ओढा. जाम बोल्ट आधी किंचित आवळून मग सैल करा. थेट उलटा जोर लावला तर डोकं तुटतं.

ड्राइव्ह शाफ्टची सीलं पाण्याच्या पंपाच्या खाली असतात. म्हणजे पंप खोलावाच लागतो, तर रबरी चक्र आणि पॅकिंग त्याच वेळी नवं घाला. चक्राची छोटी चावी शाफ्टवरून निसटून गवतात हरवणं ही परंपरा आहे; खाली पांढरा कपडा अंथरा. सील बदलण्याची रीत वरचीच. शिफ्ट रॉडला सहसा एक छोटं सील किंवा बुशमधली ओ-रिंग असते. बुश खोलताना रॉड वर ओढू किंवा फिरवू नका. आतला कॅम सुटतो.

परत बसवताना ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या टोकाच्या सपाट माथ्यावर नाही. तिथलं ग्रीस क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) भोकात अडकतं, शाफ्ट पूर्ण आत जात नाही आणि बोल्ट आवळले की दोन्हींवर फुकटचा दाब येतो.

सांधा आणि तडा

काही जुन्या गिअरकेस दोन भागांच्या असतात. खालचा पात्याचा भाग वेगळा आणि मधल्या खाचेत सीलची लांब दोरी. ती कोपऱ्यात तुटली किंवा आखूड कापली गेली की तिथे गळती. नवी दोरी ताणून बसवू नका, ती नंतर आकसते. आतलं पाणी गोठून पडलेल्या तड्यावर बाहेरून लावलेलं इपॉक्सी फार काळ धरत नाही. आतून तेलमुक्त करून लावलं तर थोडं बरं, पण तडा बेअरिंगच्या जागेजवळ असेल तर वेल्डिंग किंवा दुसरी गिअरकेस.

भरण्याआधी पुन्हा चाचणी, मग ऑइल

सगळं जोडल्यावर कोरडीच चाचणी पुन्हा करा. ऑइल भरल्यावर चूक सापडली तर सगळं चिकट होऊन बसतं.

ऑइल खालून भरायचं, कायम. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि अर्ध्यातच भरल्यासारखं वाटतं. बहुतेकांना ८०डब्ल्यू-९० चं मरिन गिअर ऑइल चालतं, पण विजेवर गिअर बदलणाऱ्या काही जुन्या ओएमसी (जॉन्सन-एव्हिनरूड बनवणारी जुनी कंपनी) गिअरकेसना वेगळं, पातळ ऑइल लागतं. ते मॅन्युअलमध्ये बघाच. खालच्या भोकात पंपाची नळी लावून सावकाश दाबत राहा. वरून बुडबुडे थांबून सलग धार आली की आधी वरचा स्क्रू बसवा, मग नळी काढून झटपट खालचा. वरचं तोंड बंद असल्याने खालून फारसं सांडत नाही. तासाभराने वरचा स्क्रू उघडून पातळी बघा. थोडी खाली गेली असेल तर ती आत अडकलेल्या हवेची जागा आहे, भरून टाका.

आत पाणी शिरलेलं होतं अशा गिअरकेसमध्ये बेअरिंगच्या कोपऱ्यांत पाण्याचा अंश उरतोच. त्यामुळे पहिलं ऑइल थोड्या तासांच्या वापरानंतर किंचित गढूळ निघालं तर लगेच परत खोलू नका. ते बदला, नवं भरा आणि पुढच्या वेळी इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू अर्धा आटा सैल करा. ऑइलचा स्वच्छ थेंब आला तर स्क्रू आवळून टाका. पाणी आलं तर पुन्हा दाबाची चाचणी, आणि या वेळी व्हॅक्यूमचीही.